ब्लॉक वर असूनही हुक लागतोच: चूक शोधायची कशी

सरावात जोडीदार सांगून हुक, म्हणजे वाकलेल्या कोपराने बाजूने येणारा ठोसा, मारतो तेव्हा वीसपैकी वीस अडतात. स्पॅरिंग, म्हणजे सरावाची लढत, सुरू झालं की ब्लॉक त्याच जागी जातो आणि ठोसा तरीही कानशिलावर किंवा जबड्याच्या सांध्यावर बसतो. विद्यार्थी कराटेचा असो, क्राव मागाचा, विंग चुनचा किंवा बॉक्सिंगचा, तक्रार हीच असते आणि मग तो नवं तंत्र शोधायला निघतो. बहुतेक वेळा जुन्या तंत्रात फारसा दोष नसतो. ते ज्या अंतरासाठी आणि ज्या वाटेने येणाऱ्या ठोशासाठी बनलं आहे, तसा ठोसा समोर आलेलाच नसतो. म्हणून इथे तुलना शैलींच्या नावांवरून न करता लक्षणांवरून केली आहे. ठोसा नेमका कसा लागतोय ते बघा, कारण तिथेच सापडतं.

आधी जोडीदाराचा हुक तपासा

शोध आपल्या ब्लॉकपासून सुरू करू नका. दोघांनी ग्लोव्हज घाला. तुम्ही हात खाली सोडून उभे राहा आणि जोडीदाराला अगदी सावकाश, मध्येच न थांबता, हुक मारायला सांगा. त्याचा ग्लोव्ह तुमच्या जबड्याच्या बाजूला टेकायला हवा आणि टेकताना त्याचं कोपर वाकलेलं, साधारण मुठीच्याच उंचीवर हवं. मूठ तुमच्या नाकासमोरून वीतभर अंतराने निघून जात असेल, तर आजवर तुम्ही हवा अडवत होता. जोडीदार भिडस्त असतो, मारायचं त्याच्या जिवावर येतं, म्हणून तो नकळत अर्धं पाऊल मागे उभा राहतो. अशा अंतरावर कुठलाही ब्लॉक चालतो.

दुसरी खोट म्हणजे ठोसा मारून हात तिथेच लटकवत ठेवणं. एक पाऊल, एक ठोसा आणि मग पुतळा, अशा सरावात मनगट पकडणं, हात पिरगळणं सगळं सुरेख जमतं. खरा हुक लागो वा चुको, तो लगेच हनुवटीकडे परततो आणि वळलेली कंबर पुढच्या ठोशासाठी तयार असते.

तिसरी खोट पायांत असते. हुकची ताकद दंडात नाही. पुढच्या पायाच्या चवड्यावर वजन ठेवून टाच बाहेर वळते, तिच्याबरोबर कंबर आणि खांदा वळतो आणि वाकलेला हात त्या धडाबरोबर ओढला जातो. जोडीदार नुसता हात फिरवत असेल तर तो ठोसा हळू येतो, खूप आधी दिसतो आणि डोळ्यांना चुकीची सवय लावतो. त्याला पाच मिनिटं पॅडवर हुक शिकवा. ही पाच मिनिटं नव्या ब्लॉकवर घालवलेल्या महिन्यापेक्षा मोलाची आहेत.

आखूड हुक, रुंद हुक आणि मधलं अंतर

आखूड हुकमध्ये कोपर साधारण 90 अंशांत वाकलेलं असतं, मूठ हनुवटीजवळून निघते आणि जेमतेम फूट-दीड फूट प्रवास करते. तो दिसेपर्यंत लागलेला असतो. शिकलेला माणूस हाच मारतो, तोही जवळून. रुंद हुकमध्ये कोपर 120 ते 150 अंशांपर्यंत उघडं असतं आणि मूठ कमरेपासून किंवा खांद्याच्या मागून निघते. चिडलेला, न शिकलेला माणूस रस्त्यावर बहुतेक हाच भिरकावतो. त्यात जोर भरपूर असतो, पण वेळही जास्त लागतो. याशिवाय मागच्या हाताचा, कपाळाच्या वरून तिरका खाली उतरणारा ठोसा असतो. त्याला रुंद हुकचा भाऊ समजा, फक्त तो गार्डच्या, म्हणजे चेहऱ्यासमोर धरलेल्या हातांच्या, वरून येतो.

यामागचं यंत्र गोफणीसारखं आहे. गोफणीचं दगडाकडचं टोक जोरात फिरतं, हाताकडचं जेमतेम हलतं. हुकमध्ये मूठ सर्वांत वेगवान आणि खांद्याजवळचा दंड सर्वांत संथ असतो. त्यामुळे जागा दोनच उरतात. एक तर मुठीच्या वर्तुळाबाहेर, नाहीतर दंडाला चिकटून अगदी आत. मधलं अंतर सर्वांत वाईट, कारण तिथे तुमचा हात त्याच्या कोपराच्या आसपास लागतो, त्याचं कोपर आणखी वाकतं आणि मूठ तुमच्या ब्लॉकला वळसा घालून मागून येते. पुढची बहुतेक लक्षणं या एका गोष्टीतून निघतात.

लक्षण: ब्लॉक ठोशाला भिडतो, तरी मूठ मागून लागते

कान, मानगूट किंवा डोक्याची मागची बाजू दुखत असेल तर हेच घडतंय.

विंग चुनमधला तान साउ हा ब्लॉक इथे सर्वांत जास्त फसतो. तळवा उताणा, कोपर मध्यरेषेकडे, अशी ती रचना समोरून येणाऱ्या सरळ ठोशाला बाजूला घसरवण्यासाठी उत्तम आहे. हुकचा जोर मात्र बाजूने, जवळजवळ काटकोनात येतो. कोपर बरगड्यांजवळ ठेवून हात बाहेर रेटायचा म्हणजे खांदा बाहेर फिरवणाऱ्या लहान स्नायूंवर सगळा भार टाकायचा, आणि समोर अख्ख्या धडाची पिळण असते. हात आत कोसळतो, नाहीतर मूठ त्याला वळसा घालते. त्याच शैलीतला ब्यू साउ या कामाला जास्त योग्य आहे. बोटं पुढे आणि थोडी बाहेर, नेम मुठीवर नव्हे तर त्याच्या खांद्याच्या आतल्या बाजूवर, आणि त्याच क्षणी पाऊल आत. फोरआर्म (कोपर ते मनगट हा भाग) दंडाला भिडला की मूठ डोक्यामागे निघून जाते आणि तिच्यात जोर उरलेला नसतो. दुसऱ्या हाताचा सरळ ठोसा त्याच ठेक्यावर सुटला पाहिजे. आधी ब्लॉक, मग ठोसा असे दोन ठेके केले तर त्याचा दुसरा हुक तुमच्या ठोशाआधी पोचतो.

कराटेत गोंधळ दिशेचा असतो. शोतोकान या कराटेच्या शैलीत सोतो-उके हा ब्लॉक बाहेरून आत येतो, उची-उके आतून बाहेर जातो. काही शैलींत ही दोन नावं नेमकी उलट वापरतात, म्हणून नाव सोडा, दिशा बघा. डोक्याच्या डाव्या बाजूला येणाऱ्या हुकसमोर डावा हात बाहेरून आत आणला तर तो ठोशाच्याच दिशेने जातो आणि कानाकडची बाजू उघडी टाकतो. हात आतून बाहेर जायला हवा. आगे-उके, म्हणजे वर उचललेला ब्लॉक, कपाळावर उतरणाऱ्या तिरक्या ठोशाला चालतो, आडव्या हुकला नाही. ठोसा सरळ त्या हाताच्या खालून किंवा कोपराच्या मागून येतो. आणखी एक अडचण हिकिते, म्हणजे दुसरा हात कमरेशी ओढण्याची सवय. त्या हाताने काही पकडलेलं नसेल तर तो कमरेशी असण्यात अर्थ नाही, त्या बाजूचा जबडा उघडा पडतो. हेइआन निदान या काताच्या (ठरलेल्या हालचालींच्या क्रमाच्या) सुरुवातीला एक फोरआर्म बाजूला उभा आणि दुसरा कपाळासमोर असतो. ती दुहेरी हालचाल हुकवर लावून बघा. तिथे दोन्ही हात डोक्याच्या आसपासच राहतात, हा त्यातला खरा धडा आहे.

क्राव मागाचा 360 बचाव या समस्येच्या सर्वांत जवळ जातो. इमी लिख्टेनफेल्ड (1910–1998) यांनी उभ्या केलेल्या या पद्धतीत दचकल्यावर हात आपोआप जसे वर आणि बाहेर जातात, त्याच हालचालीवर बचाव बांधलेला आहे. एकूण सात जागा, कोपर साधारण 90 अंशांत, फोरआर्मची मनगटाजवळची बाजू समोरच्याच्या मनगटाजवळ भिडते आणि त्याच वेळी दुसरा हात ठोसा मारतो. रुंद हुकवर हे चांगलं चालतं. फसतं ते तीन कारणांनी. कोपर 90 अंशांपेक्षा फार उघडलं, तर त्याचा हात तुमच्या उतरत्या फोरआर्मवरून घसरून चेहऱ्यावर येतो. कोपर फार मिटलं, तर तुमचाच हात स्वतःच्या डोक्यावर आदळतो. आणि ठोसा आखूड असला, तर हात बाहेर न्यायला वेळही नसतो, जागाही नसते. आखूड हुकसमोर 360 वापरू नका, तिथे डोकं झाका. याच पद्धतीचे चांगले प्रशिक्षकही जवळच्या ठोशाला कव्हर, म्हणजे हातांनी डोकं झाकणंच, शिकवतात.

मुए थाई या थायलंडच्या युद्धकलेतला लांब गार्ड हा वेगळ्या वाटेचा उपाय आहे. पुढचा हात सरळ करून तळवा समोरच्याच्या खांद्यावर किंवा चेहऱ्यासमोर, त्या हाताचा खांदा उचलून हनुवटीला चिकटवलेला आणि मागचा हात गालावर. रुंद हुक मारायला समोरच्याचा खांदा पुढे वळावा लागतो, तोच इथे अडतो. यात चूक एकच होते: हात सरळ केला पण खांदा उचलला नाही. मग हुक त्या लांब हातावरून सरळ जबड्यावर उतरतो.

लक्षण: डोकं झाकलं, तरी गरगरतं

हाताला लागतं, चेहऱ्याला नाही, पण डोकं हलतं. कारण हात आणि डोकं यांच्यात फट आहे. हात दोन-तीन इंच दूर असला की हुक आधी हाताला लागतो आणि तो हात हातोड्यासारखा तुमच्याच डोक्यावर आदळतो. हात डोक्याला आधीपासून चिकटलेला असेल तर जोर फोरआर्म, दंड, खांदा असा धडात उतरतो.

कव्हरची जागा नीट समजून घ्या. विंचरताना केस कानामागे सारतो तसा हात न्या. तळवा कानाच्या मागे, बोटं डोक्याच्या मागच्या बाजूला, कोपर पुढे, बाहेर फाकलेलं नाही. दंडाची बाजू जबड्यासमोर येते, फोरआर्म कानशिलासमोर. हनुवटी आत, दात घट्ट मिटलेले, खांदा वर. तळवा खोलगट करून कानावर ठेवू नका. त्यावर ठोसा बसला तर आतली हवा दाबली जाते आणि कानाचा पडदा फाटू शकतो. तोंड उघडं असताना लागलेला हुक जबडा मोडू शकतो, म्हणून जोडीदाराशी बोलत बोलत स्पॅरिंग करणाऱ्यांना वेळीच थांबवा.

हुकने माणूस कोसळतो तो बहुतेक डोकं झटक्याने फिरल्यामुळे. कातडीला लागलेल्या माराचा त्यात फारसा वाटा नाही. म्हणून कव्हर करताना मान कडक आणि डोकं खांद्यांमध्ये रुतलेलं असलं पाहिजे. सैल मानेवर ठेवलेला हात ठोशाचा मारा मऊ करतो, पण डोक्याचा झटका तसाच राहतो.

ग्लोव्हज इथे फसवतात. 16 औंसच्या ग्लोव्हमागे अर्धा चेहरा लपतो. उघड्या हाताने तसाच गार्ड धरला तर मूठ दोन हातांमधून किंवा हात आणि कानामधून सहज घुसते. रिंगमध्ये शिकलेला गार्ड उघड्या हातांनीही तपासून घ्या आणि तळव्याचं काम फोरआर्मकडे द्या. उलट बाजूने एक फायदाही आहे. कोपर पुढे असलेल्या कव्हरवर उघड्या मुठीने हुक मारणाऱ्याचा हात मोडण्याची शक्यता बरीच असते. करंगळीच्या मागचं तळहाताचं हाड मोडणं ही तर मुठीने मारणाऱ्यांची नेहमीची दुखापत आहे.

कव्हरची मोठी मर्यादा चाकू आहे. हुकसारख्या वाटेने येणाऱ्या हातात पातं असू शकतं आणि त्या क्षणी ते दिसत नाही. समोरच्याचा हात पाठीमागे किंवा खिशात असेल तर जवळ थांबून डोकं झाकणं हा उपाय नव्हे. अंतर वाढवा आणि निघा.

लक्षण: बचाव बरोबर, पण नेहमी उशिरा

दिसलेल्या एका ठरावीक खुणेवर एकच ठरावीक हालचाल करायलाही माणसाला सुमारे 0.2 सेकंद लागतात. पर्याय वाढले की वेळ वाढतो. हे मानसशास्त्रज्ञ हिक यांनी 1952 मध्ये प्रयोगांनी मांडलं. म्हणजे हुकवर पाच वेगवेगळे ब्लॉक शिकलेला माणूस एकच शिकलेल्यापेक्षा संथ असू शकतो. आखूड हुक साधारण तेवढ्याच वेळात पोचतो. तो बघून अडवायचा हा बेतच चुकीचा आहे. हात तिथे आधीपासून असला पाहिजे, किंवा ठोशाच्या आधीची खूण दिसली पाहिजे.

त्यासाठी मुठीकडे बघणं सोडा. नजर छातीच्या वरच्या भागावर, दोन्ही खांदे डोळ्यांच्या कडेत. पुढच्या हाताच्या हुकआधी वजन पुढच्या पायावर येतं, तो खांदा किंचित खाली जातो आणि कोपर बरगड्यांपासून सुटतं. रुंद हुकआधी मागचा खांदा मागे खेचला जातो. कोपर सुटलेलं दिसलं की कव्हर, मग ठोसा आला नाही तरी चालेल. ती हूल असली तर फार तर अर्धा क्षण वाया जातो.

तुमच्या जॅबनंतरच (पुढच्या हाताच्या सरळ ठोशानंतरच) दर वेळी हुक लागत असेल तर डोळ्यांचा दोष नाही. तुमचा हात खालून परत येतोय. जॅब जसा सरळ गेला तसाच सरळ गालापर्यंत परत आला पाहिजे. छातीच्या उंचीवरून अर्धवर्तुळ काढून येणाऱ्या हातावरून हुक मारणं हा मुष्टियोद्ध्यांचा जुना डाव आहे. हनुवटीखाली टेनिसचा चेंडू धरून दोन मिनिटं नुसते जॅब मारा. चेंडू पडला म्हणजे हनुवटी वर गेली. कानाच्या टोकाला रिबनचा तुकडा चिकटवून परतीला प्रत्येक वेळी त्याला अंगठा लावणं हाही साधा आणि चांगला उपाय आहे.

लक्षण: खाली वाकून चुकवला, पण पुढचा ठोसा किंवा गुडघा लागला

वीव्ह, म्हणजे हुकच्या खालून निघणं, बॉक्सिंगमध्ये फार सुंदर दिसतं आणि चुकीचंही सर्वांत जास्त केलं जातं. कमरेतून वाकलं की चेहरा पुढे आणि खाली जातो, नजर जमिनीवर पडते आणि समोरच्याचा अपरकट, म्हणजे खालून वर येणारा ठोसा, तिथे वाट बघत असतो. वाकायचं ते गुडघ्यांतून. पाठ जवळजवळ सरळ, नजर त्याच्या छातीवर, दोन्ही हात गालांवर. खाली फक्त तेवढंच जा, की ठोसा केसांवरून जाईल.

दिशेची चूक याहून महाग पडते. समोरच्याचा डावा हुक तुमच्या उजव्या बाजूने येतो. त्याच्या खालून तुम्ही उजवीकडे निघायचं, म्हणजे तुम्ही त्याच्या डाव्या खांद्याच्या बाहेर येता, वजन उजव्या पायावर असतं आणि तुमचा उजवा हात मारायला तयार असतो. डावीकडे गेलात तर ठोशाबरोबर प्रवास करता आणि त्याच्या उजव्या हातासमोर जाऊन उभे राहता. सरावाला खोलीत खांद्याच्या उंचीवर दोरी बांधा आणि एक एक पाऊल पुढे जात दोरीच्या दोन्ही बाजूंना डोकं काढा, इंग्रजी यू अक्षरासारखं. 2 मिनिटांच्या 3 फेऱ्या पुरे. मांड्या भरून आल्या पाहिजेत. कंबर दुखत असेल तर चुकीचं करताय.

गुडघा आणि लाथेची मुभा असलेल्या मुए थाईत आणि मिश्र लढतीत खोल वीव्ह जपून वापरतात, त्याचं कारण उघड आहे. रस्त्यावर, चपला घालून, ओल्या फरशीवर हा पहिला पर्याय ठेवू नये.

मागे झुकून हुक चुकवणं सोपं असतं आणि पहिल्या ठोशाला चालतंही. मागचा गुडघा वाकवा, वजन मागच्या पायावर, हनुवटी आतच. पण पाय न हलवता नुसतं झुकलात तर दुसऱ्या हुकसाठी मागे जायला जागा उरत नाही. झुकलात की लगेच परतीचा सरळ ठोसा, नाहीतर बाजूला पाऊल. तिथेच थांबायचं नाही.

खांद्यावर ठोसा घेणारा शोल्डर रोल शिकून आलेल्यांची तक्रारही इथेच बसते. तो मुख्यतः समोरच्याच्या सरळ उजव्या ठोशासाठी आहे. डावा हुक ज्या बाजूने येतो तिथे खांदा नसतो, फक्त तुमचा उजवा हात असतो. तो तळवा हनुवटीजवळून खाली आला की दरवाजा उघडा.

आत शिरताना लागतो

कुस्ती, जुदो, जुजुत्सू करणाऱ्यांकडे हुकचं सर्वांत पक्कं उत्तर आहे: वर्तुळाच्या आत शिरायचं आणि मिठी मारायची. छातीला छाती लागली की हुकला जागाच उरत नाही. कोल्हापूर-सांगलीकडच्या तालमीत तयार झालेल्या मल्लाचा दुहेरी पट (दोन्ही पाय धरून पाडणं) किंवा कंबरेची मिठी न शिकलेल्या माणसाला थोपवणं अवघड आहे. अडचण फक्त आत शिरतानाच्या त्या एका पावलात आहे. कुस्तीत ठोसे नसतात, म्हणून मल्लाचे हात खाली आणि पुढे असतात, डोकं पुढे असतं. पटात घुसताना कपाळाची बाजू नेमकी हुकच्या वाटेत येते.

दुरुस्ती सोपी आहे, पण सवय मोडायला वेळ लागतो. आधी दोन्ही हातांनी डोकं झाका, कोपरं पुढे टोकासारखी, आणि त्या झाकलेल्या अवस्थेतच एक लांब पाऊल टाका. कोपरं त्याच्या छातीला किंवा दंडांना लागली की मगच हात सोडून मिठी घ्या. डोकं त्याच्या छातीला किंवा खांद्याला चिकटलेलं, कान त्याच्या अंगावर. पट काढायचा असेल तर तो मिठीनंतर काढा. डांबरी रस्त्यावर गुडघा टेकवून पटात जाऊ नका. तालमीतली माती गुडघा सांभाळून घेते, रस्ता नाही.

धोबीपछाड किंवा जुदोतला इप्पोन सेओइ नागे (हात धरून खांद्यावरून फेकणं) हुकवर बसतो का, हे बरेच जण विचारतात. हुकचा हात एका अर्थाने खांद्यावर घ्यायला आयता येतो, पण हवेतून फिरणारा हात पकडायला गेलात तर रिकामे राहाल आणि चेहरा उघडा पडेल. आधी आत शिरून दंड अडवा, आपल्या हाताने तो वरून गुंडाळून काखेत दाबा, मग वळा. फेकताना तो डोक्यावर पडणार नाही एवढं बघणं तुमच्या हातात असतं. भारतीय न्याय संहितेची कलमं 34 ते 44 स्वसंरक्षणाचा हक्क देतात, पण कलम 37 सांगतं की बचावाला लागते त्याहून जास्त इजा करता येत नाही. एक ठोसा मारून मागे हटलेल्या माणसाला फरशीवर आपटणं बचावात बसवणं कठीण आहे.

पहिला अडतो, दुसरा लागतो

हुक एकटा क्वचित येतो. डाव्यानंतर उजवा, किंवा डोक्यावर मारून लगेच पोटावर. शिकलेला माणूस तुमच्या उजव्या बाजूला, बरगड्यांच्या खालच्या कडेशी, डाव्या हाताने मारतो, कारण यकृत तिथे असतं. तो ठोसा नीट बसला तर माणूस एक-दोन सेकंदांनी खाली बसतो आणि मनात असूनही उठता येत नाही.

यावर चूक अशी होते की हात खाली जातो. मग पुढचा हुक वर. खाली जायला हवं ते कोपर, तेही धड त्या बाजूला आकसून. मूठ गालावरच राहते, कोपर आणि कमरेचं हाड यांच्यातलं अंतर कमी होतं. आरशासमोर करून बघा: मूठ गालावरून सुटली की समजा धड वळलं नाही, नुसता हात उतरला.

दुसरं म्हणजे, कव्हर करून तिथेच उभं राहू नका. कव्हर ही थांबायची जागा नाही. ठोसा हातावर आदळला त्याच क्षणी एक तर आत शिरा, नाहीतर त्याच्या मारणाऱ्या हाताच्या बाहेर पाऊल टाका, नाहीतर दुसऱ्या हाताने सरळ ठोसा द्या.

सरळ ठोशाबद्दल ब्रूस लीच्या जीत कुन दो पद्धतीच्या लोकांचं म्हणणं खरं आहे: सरळ रेषा वर्तुळापेक्षा छोटी असते, म्हणून रुंद हुक निघतानाच समोरून मारलेला ठोसा आधी पोचतो. पण आधी पोचला म्हणजे त्याचा हुक थांबतोच असं नाही. वजनदार माणसाचा फिरलेला हात तुमचा ठोसा खाऊनही येतो. म्हणून सरळ ठोशाबरोबर त्या हाताचा खांदा हनुवटीवर आणि दुसरा हात कानामागे, दोन्ही हवंच. सरळ ठोसा आणि उघडा जबडा ही अदलाबदल परवडत नाही.

काय निवडायचं आणि सराव कसा लावायचा

एकच गोष्ट शिकायची असेल तर माझं मत स्पष्ट आहे: घट्ट कव्हर आणि आत एक पाऊल. आखूड हुकला चालतं, रुंदला चालतं, ठोसा उशिरा दिसला तरी चालतं, डावा-उजवा ओळखण्यात चूक झाली तरी दोन्ही हात वर असल्याने निभावतं. दुसरी गोष्ट घ्यायची तर रुंद हुकसाठी 360 किंवा आतून बाहेर जाणारा कराटेचा ब्लॉक, दुसऱ्या हाताच्या ठोशासकट. वीव्ह आणि शोल्डर रोल नियमित स्पॅरिंग करणाऱ्यांनी घ्यावेत. आठवड्यातून दोन तास मिळणाऱ्याने त्यात वेळ घालवू नये.

पहिले दोन आठवडे फक्त डावा हुक, निम्म्याहून कमी जोराने, 2 मिनिटांच्या 4 फेऱ्या, दोघांना 16 औंसचे ग्लोव्हज आणि माउथगार्ड. ठोसा केव्हा येणार हे जोडीदाराने सांगायचं नाही, पण कुठला येणार हे ठरलेलं. मग डावा किंवा उजवा, कुठलाही. मग जॅबनंतर हुक. मग डोकं आणि पोट. जोर सर्वांत शेवटी वाढवा. ज्या पायरीवर दहापैकी तीनहून जास्त लागायला लागतील, तिथून एक पायरी खाली या. हेडगार्ड घातला म्हणून जोर वाढवू नका. त्याने कापलं-खरचटलं जाणं कमी होतं, पण डोकं फिरण्याचा झटका तो थांबवत नाही, शिवाय बाजूचं दिसणंही कमी करतो. कुणाला गरगरलं, मळमळलं, प्रकाश डोळ्यांना टोचायला लागला, आत्ता काय झालं ते आठवेना, तर त्या दिवसाचं स्पॅरिंग संपलं. डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पुन्हा डोक्यावर ठोसे घ्यायचे नाहीत.

मोबाइल कमरेच्या उंचीवर, तुमच्या पुढच्या खांद्याच्या बाजूला ठेवून एक फेरी स्लो मोशनमध्ये चित्रित करा. लागलेला प्रत्येक हुक थांबवून बघा आणि तीन गोष्टी टिपा: त्या क्षणी तुमचा हात डोक्याला चिकटला होता का, तुमचा फोरआर्म त्याच्या हाताला मनगटाशी, कोपराशी की दंडाशी भिडला, आणि तुमचं वजन कुठल्या पायावर होतं. कोपराशी भिडल्याच्या नोंदी जास्त निघाल्या तर तुम्ही मधल्या अंतरावर उभे आहात. पुढच्या फेरीत ब्लॉक तोच ठेवा, फक्त पाऊल अर्धा फूट आत किंवा एक फूट मागे टाका आणि पुन्हा मोजा.